साष्टीचें स्वातंत्र्य : चार सत्तांतरांचा एक विचार

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशीं, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या तीरावर, मिरें, काशी, नवघर, भाईंदर व घोडबंदर हीं जुनीं गांवें आहेत. त्यांच्या शिवारांवर व खाजणांवर आतां मिरा-भाईंदर हें शहर उभें राहिलें आहे. प्रस्तुत लेखक सेवानिवृत्तीनंतर ज्या सिल्व्हर पार्क वस्तींत राहतो, तीही त्याच शहराचा एक भाग होय. येथून घोडबंदरचा कोट, धारावीची टेकडी आणि उत्तनचा किनारा हीं स्थळें एका दिवसांत पाहून होतात. आणि भाईंदरच्या धक्क्यावर उभें राहिल्यास पलीकडे वसईचा मुलूख दृष्टीस पडतो. तात्पर्य, ज्या भूमीसाठीं चारशें वर्षें चार सत्ता एकमेकींशीं झगडल्या, ती सर्व येथें हाताशीं आहे.

या लेखाचें निमित्त मात्र कोणताही कोट अथवा शिलालेख नव्हे. अनेक वर्षांपूर्वीं एका शाळेंत मी वसईच्या विजयाचा पाठ घेत होतों. चिमाजी आप्पांच्या पराक्रमाचें वर्णन रंगांत आलें असतां मागच्या बांकावरील एक मुलगा उठून उभा राहिला. तो उत्तनचा, कोळ्याचा, ख्रिस्ती धर्माचा. त्यानें अगदीं सरळपणें विचारलें, "गुरुजी, मग तेव्हां आम्ही जिंकलों कीं हरलों ?" वर्ग हंसला. मीं त्यास "खालीं बैस" असें सांगून पुढें वाचावयास सुरुवात केली. उत्तर मजजवळ नव्हतें, हें त्याचें खरें कारण होय. तें उत्तर शोधण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

कोणत्याही देशाचा इतिहास लिहितांना परकीय वसाहत हें एक टोंक आणि स्वातंत्र्य हें दुसरें टोंक धरून मध्यें एक सरळ रेघ ओढण्याचा प्रघात पडला आहे. साष्टीस ती रेघ लागू पडत नाहीं. येथें परकीय आले ते गेले. पुन्हां दुसरे परकीय आले. आणि मधल्या काळांत स्वकीयांचें राज्य झालें. मग स्वातंत्र्य कोणत्या वर्षीं मिळालें म्हणावें ? याचा निर्णय करण्यास एक कसोटी हवी. वैयाकरणांनीं क्रियेमध्यें जो स्वतंत्र असतो त्यासच कर्ता म्हटलें आहे. त्याच न्यायानें आपण प्रत्येक सत्तांतराच्या वेळीं एवढेंच पाहूं कीं, येथील रयत त्या क्रियेंत कर्ता होती कीं कर्म होती.

पहिलें सत्तांतर इ. स. १५३४ मधील, म्हणजे शके १४५६ मधील होय. गुजरातचा सुलतान बहादुरशहा हा हुमायूनच्या स्वारीच्या भयानें ग्रस्त झाला होता. फिरंग्यांचें साह्य मिळावें या हेतूनें त्यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं गव्हर्नर नुनो द कुन्य याजबरोबर तह करून वसई व तिच्या ताब्यांतील बेटें पोर्तुगालच्या राजास दिलीं. हा तह 'सां मातेऊस' नांवाच्या गलबतावर झाला. साष्टी आणि मुंबई हीं या दानांतच गेलीं. देणारा गुजरातचा, घेणारा लिस्बनचा. आणि ज्यांची भूमि दिली गेली ते कोळी, आगरी, भंडारी, कुणबी यांच्या कानांवर ही गोष्ट केव्हां आली असेल, याचा विचार उभय पक्षीं कोणी केल्याचें दिसत नाहीं.

या फिरंगी अमलास आपण सवयीनें वसाहत म्हणतों. परंतु वसाहत शब्दांतील 'वस्' धातूचा अर्थ राहणें असा आहे, आणि पोर्तुगालांतून येथें येऊन राहणारांची संख्या रयतेच्या मानानें नेहमींच अल्प होती. येथें खरा लागू पडणारा धातु 'भुज्' हा होय. आपल्या प्राचीन ताम्रपटांत प्रांतवाचक 'भुक्ति' हा शब्द येतो, तो येथें अक्षरशः सार्थ झाला. गांवेंच्या गांवें फिरंगी सरदारांस व धर्मसंघांस तोडून देण्यांत आलीं. त्यांनीं सरकारांत ठराविक 'फोरो' म्हणजे खंड भरावा आणि उरलेलें उत्पन्न स्वतः भोगावें, अशी रीत होती. सिमांव बोतेल्यो यानें इ. स. १५५४ मध्यें तयार केलेल्या जमाबंदीच्या दप्तरांत या प्रांताच्या उत्पन्नाच्या नोंदी आहेत. मुंबईंतील फोरास रोडचें नांव याच फोरो शब्दाशीं जोडलें जातें. मुंबई बेट तर त्याच सुमारास गार्सिया द ओर्ता या वैद्यास खंडानें दिलें होतें. त्याचा वनौषधींवरील ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला आणि त्यांत घारापुरीच्या लेण्यांचेंही वर्णन आलें आहे.

धर्माच्या बाबतींत या अमलाचें स्वरूप कठोर होतें, हें झांकण्याचें कारण नाहीं. बोरिवलीजवळील मंडपेश्वरचें लेणें हें त्याचें प्रत्यक्ष प्रमाण. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो द पोर्तु या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या पुढाकारानें त्या शिवाच्या लेण्याचें चर्च झालें, वर धर्मपीठाची इमारत उठली, आणि मराठी अमलांत तेथें पुन्हां पूजा सुरूं झाली. दोन धर्मांच्या खुणा एकाच दगडावर पाहणें असेल, तर जिज्ञासूंनीं तें लेणें अवश्य पाहावें.

परंतु एक गोष्ट तितकीच खरी आहे. ज्यांनीं धर्म बदलला, त्यांनीं भाषा बदलली नाहीं. साष्टी-वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली आजही मराठीचीच एक बोली आहे. उलट जे हिंदु राहिले त्यांच्याही मुखांत फिरंगी शब्द शिरले. चावी, बादली, घमेलें, बटाटा, पाद्री हे त्यांतले होत. या यादींतील दोन शब्द विशेष लक्षांत ठेवण्यासारखे आहेत : 'पगार' आणि 'तुरुंग'. पहिल्याचें मूळ 'पागार' म्हणजे देणें, आणि दुसऱ्याचें मूळ 'त्रोंकु' म्हणजे कैद्याचे पाय अडकविण्याचा लांकडी खोडा, असें भाषाकोविद सांगतात. परकीय सत्ता रयतेच्या दारीं कोणत्या दोन रूपांनीं उभी राहत असे, तें या शब्दांनीं जपून ठेवलें आहे. मराठी कागदांतून या मुलखाचें नांवच 'फिरंगाण' असें पडलें.

मध्यंतरीं इ. स. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्रजांच्या राजाकडे गेली, १६६५ त प्रत्यक्ष ताबा झाला, आणि १६६८ त राजानें ती वार्षिक दहा पौंड खंडानें कंपनीस दिली. साष्टी मात्र फिरंग्यांकडेच राहिली. एका खाडीच्या अंतरावर दोन परकीय सत्ता अशा समोरासमोर बसल्या.

दुसरें सत्तांतर इ. स. १७३७ ते १७३९ चें होय. या मोहिमेचीं साधनें पेशवे दफ्तराच्या निवडक भागांत, ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत आणि साष्टीच्या बखरींत विपुल आहेत, व यशवंत नरसिंह केळकरांचा ग्रंथ वाचकांच्या संग्रहीं असेलच. म्हणून येथें सर्व हकीकत देत नाहीं. आपल्या कसोटीस लागणारी गोष्ट तेवढी घेतों. या मोहिमेचा उगम केवळ पुण्यास नव्हता. भिवंडीजवळील अंजूरचे नाईक, विशेषतः गंगाजी नाईक, यांनीं मुलखांतील लोकांशीं संधान बांधून पेशव्यांस वारंवार विनविलें होतें. वाटा, उतार, ठाण्यांतील माणसें यांची माहिती त्यांचीच होती. ठाण्याचा नवा कोट अपुरा असतांनाच, इ. स. १७३७ च्या वसंत ऋतूंत, मराठ्यांनीं रात्रीं खाडी ओलांडून साष्टींत पाऊल टाकिलें. म्हणजे या वेळीं रयत निव्वळ कर्म नव्हती. तिचा एक अंश तरी कर्ता झाला होता.

पुढें दोन वर्षें झुंज चालली. ठाणें परत घेण्याच्या प्रयत्नांत फिरंग्यांचा सेनापति पेद्रु द मेलु मारला गेला. आमच्या या भागांतील धारावीचें ठाणें वसईच्या खाडीच्या मुखावर असल्यामुळें तें ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वसईची समुद्राकडील वाट. म्हणून त्यासाठीं दोन्ही पक्ष झगडले, आणि इ. स. १७३९ च्या मार्चांत तें कायमचें मराठ्यांकडे आलें. वसईस वेढा फेब्रुवारींतच पडला होता. सिल्वैर द मेनेझिश हा किल्लेदार पडला, आणि त्याच्या मागें कायतानु द सौझ यानें झुंज चालविली. शिबंदीस देण्यास द्रव्य नाहीं, म्हणून चर्चमधील चांदी व पितळी तोफा तारण ठेवून मुंबईकर इंग्रजांकडून १५,००० रुपये घ्यावे लागले. शेवटीं सुरुंगांनीं बुरूज उडाल्यावर १६ मे १७३९ रोजीं, शके १६६१ मध्यें, किल्ला देण्याचें ठरलें. हा विजय स्वस्तांत मिळाला नाहीं. वेढ्यांत मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून सुमारें ५,००० होते असें ग्रँट डफनें मराठ्यांच्याच हवाल्यानें लिहिलें आहे.

आतां तहाचीं कलमें पाहूं. किल्ल्यांतील शिबंदीनें हत्यारांसह, वाजतगाजत, निशाणें घेऊन निघून जावें. ज्यांस जाणें असेल त्यांनीं चीजवस्त घेऊन जावें. आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्यास मोकळीक असावी, असा त्यांचा आशय होता. दोन वर्षें रक्त सांडल्यावर विजयी सेनापतीनें हें कलम मान्य केलें, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळींतही येत नाहीं. मींही ती वर्गांत सांगितली नव्हती. चर्चच्या घंटा मात्र सर्वांस ठाऊक असतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हें साल आहे, आणि मेणवलीच्या घंटेवर १७०७. त्या घंटा विजयाचीं चिन्हें म्हणून आपण दाखवितों, तें यथायोग्यच आहे. परंतु घंटा गेल्या तरी ज्यांच्या गांवांतून त्या वाजत तीं माणसें कोठें गेलीं नाहींत. तीं आपल्याच भातशेतांत, आपल्याच होड्यांवर राहिलीं, आणि स्वकीय राज्याची रयत झालीं. उत्तनच्या मुलाच्या प्रश्नाचें पहिलें अर्धें उत्तर येथें सांपडतें.

स्वराज्य आलें तरी तें सर्वार्थानें रयतेचें राज्य होतें असें म्हणतां येणार नाहीं. दप्तर मराठींत आलें, शंकराजी केशवांसारखे स्वकीय सरसुभे आले, देवस्थानें पुन्हां उभीं राहिलीं. तरी कारभार वरून खालीं येई, आणि त्याचें बरेंवाईट पुण्याच्या बऱ्यावाइटाशीं बांधलेलें असे. तेंच पुढें भोंवलें.

तिसरें सत्तांतर इ. स. १७७४ चें. पेशव्यांच्या घरांत कलह माजला. राघोबादादा इंग्रजांच्या साह्यार्थ धांवले. वसई-साष्टी परत घेण्यास फिरंगी आरमार येत असल्याची वार्ता उठली, आणि दुसरा घेण्यापूर्वीं आपण घ्यावें, असा विचार मुंबईच्या कौन्सिलानें केला. डिसेंबर अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं हल्ला करून घेतला. त्यांत त्यांचा आरमारी सरदार वॉटसन प्राणांतिक जखमी झाला आणि आंतील शिबंदीची मोठी कत्तल झाली. नंतर १७७५ त सुरतेचा तह, १७७६ त पुरंदरचा, आणि १७८२ त सालबाईचा. तीन तहांत साष्टीचें नांव तीनदां आलें. युद्धांत घेतलेली वसई इंग्रजांनीं सालबाईच्या तहान्वयें परत केली. साष्टी परत केली नाहीं. पुनः, ज्यांची साष्टी त्यांस कोणी विचारिलें नाहीं. पुढें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला, तोही वसईसच. ज्या किल्ल्यांत पेशव्यांच्या घराण्याचा मोठा विजय झाला होता, त्याच गांवीं त्या घराण्याचें स्वातंत्र्य लेखी गहाण पडलें.

इंग्रजी अमलांत साष्टी बेट राहिली नाहीं. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झाला, माहीमचा १८४५ त. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास आगगाडी आली, आणि पुढील दशकांत दुसरी लोहवाट भाईंदरवरून खाडी ओलांडून वसईकडे गेली. या सोयी कोणी नाकारूं नयेत. परंतु भाईंदरच्या मिठागरांत उन्हांत राबणारा आगरी जें मीठ पिकवी, त्यावर कर सरकारचा असे. ज्याच्या जातीचें नांवच मिठाच्या आगरावरून पडलें, त्यानें आपल्या आगरांतील मूठभर मीठ कर न देतां उचललें तर तो गुन्हेगार ठरे. वर 'तुरुंग' या शब्दाविषयीं लिहिलें. सत्ता बदलली तरी तो शब्द बेकार झाला नाहीं.

येथील ख्रिस्ती लोकांनीं इ. स. १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव स्वीकारिलें. गोवें व मंगळूर येथून नोकरीनिमित्त येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, कंपनीच्या काळापासूनचे मूळ रहिवासी, हें दर्शविण्याचा त्यांत हेतु होता. नांवावरून कोणी या लोकांस राज्यकर्त्यांचे आश्रित समजेल. परंतु याच समाजांत, मूळच्या उत्तनच्या घराण्यांत, १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवीं जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म झाला. केंब्रिजहून शिकून आलेले हे बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी झाले, आणि लोक त्यांस 'काका' म्हणूं लागले. इ. स. १९१६ च्या एप्रिलांत बेळगांवीं टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्ष काका बाप्टिस्टा व चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. कामगारांच्या चळवळींतही ते अग्रभागीं होते, आणि १९२५ त मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. इ. स. १९३० मध्यें त्यांचें देहावसान झालें. फिरंगाणांतील एका ख्रिस्ती घराण्याचा वंशज स्वराज्यसंघाचा अध्यक्ष होतो, आणि लोकमान्यांच्या मांडीस मांडी लावून बसतो, ही घटना वसईच्या विजयाइतकीच साष्टीच्या इतिहासांतील महत्त्वाची आहे, असें मला वाटतें. मुलाच्या प्रश्नाचें दुसरें अर्धें उत्तर हें होय.

त्याच १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला. साष्टींतील विलेपारल्यास जमनालाल बजाज प्रभृतींनीं छावणी उभारली, आणि पुढें वडाळ्याच्या आगरांवर सत्याग्रह्यांच्या झुंडी लोटल्या. त्या गर्दींत हिंदु कोण, ख्रिस्ती कोण, पारशी कोण, हें पोलिसांच्या लाठीनें निवडलें नाहीं. येथें प्रथमच रयत क्रियेचा पूर्ण कर्ता झाली. मिठावरील कर इ. स. १९४७ च्या वसंतांत, प्रत्यक्ष स्वातंत्र्यापूर्वींच, उठला. आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, शके १८६९ मध्यें, चौथें सत्तांतर झालें. बहादुरशहाच्या दानापासून चारशें बारा वर्षांनीं साष्टीच्या माणसास साष्टीविषयीं मत देण्याचा अधिकार येणार हें ठरलें.

फिरंगी सत्तेचा शेवट मात्र अद्याप व्हावयाचा होता, आणि त्याच्या एका प्रकरणांत आपल्या व्यवसायाचा मोठा बोध आहे. इ. स. १७७९ त पेशव्यांनीं फिरंग्यांशीं मैत्रीचा तह केला, आणि त्यानुसार पुढें १७८३ व १७८५ त नगरहवेली व दादरा येथील गांवें बारा हजार रुपये उत्पन्नाचीं म्हणून त्यांस लावून दिलीं. इ. स. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत स्वयंसेवकांनीं तीं मुक्त केलीं; त्यांत महाराष्ट्रांतील तरुण पुष्कळ होते. पोर्तुगालनें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लाविला. तेथें जगांतील न्यायाधीश अठराव्या शतकांतील मराठी तहाचा पाठ घेऊन बसले : पेशव्यांनीं दिलें तें सार्वभौमत्व कीं केवळ महसूल ? १२ एप्रिल १९६० च्या निकालांत न्यायालयानें तह खरा मानिला, परंतु त्याच्या मराठी शब्दांवरून दिलें तें वार्षिक १२,००० रुपयांचें महसुली उत्पन्न, म्हणजे जागीर अथवा सरंजाम, एवढेंच होतें असें ठरविलें. पुढील इंग्रजी काळांतील वहिवाटीमुळें तेथील फिरंगी सत्ता मान्य झाली होती, हेंही न्यायालयानें नमूद केलें; तथापि सशस्त्र फौज नेण्याचा हक्क पोर्तुगालास नाहीं, असा निर्णय दिला. पुढें १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें, आणि १५१० पासूनची ती सत्ता या देशांतून संपली.

कारकुनानें बोरूनें लिहिलेला 'सरंजाम' हा एक शब्द पावणेदोनशें वर्षांनीं हेगच्या न्यायासनापुढें साक्ष देतो, हें ज्यानें एकदां लक्षांत घेतलें तो जुन्या रुमालास हलकेपणानें हात लावणार नाहीं. म्हणून संग्राहक बंधूंस एक विनंति करून हा लेख संपवितों. साष्टीचीं आपलीं साधनें बहुधा सरदारांचीं, किल्ल्यांचीं व देवस्थानांचीं आहेत. रयतेचीं साधनें अजून घराघरांत आहेत : मिठागरांच्या वह्या, खाजणांच्या बांधांचे करारनामे, कोळ्यांच्या होड्यांचे हिशेब, पाटलांच्या घरचे महजर, आणि डोंगरी, उत्तन, पाली येथील चर्चांतील जन्ममृत्यूच्या नोंदी. चर्चच्या नोंदी व देवळांच्या वह्या एकत्र ठेवून वाचल्या, तर एकाच गांवच्या एकाच कुळाच्या दोन शाखा दोन्हींकडे आढळतील, असा माझा तर्क आहे. गांवें इमारतींखालीं जात आहेत, आणि घर पाडतांना माळ्यावरचें गांठोडें कोण उघडून पाहतो ? मूळ कागद मालकापाशींच राहूं द्यावा. नक्कल मात्र अक्षरशः, चुकीसुद्धां, करून घ्यावी.

आतां त्या मुलास काय सांगावें ? तो मुलगा आज प्रौढ असेल, कदाचित् आजोबाही झाला असेल. त्यास इतकेंच सांगावयाचें कीं, १७३९ त फिरंगी हरले. तूं फिरंगी नव्हतास. त्या दिवशीं तूं स्वकीयांच्या राज्यांत आलास, आणि पुढें तें राज्य गेल्यावर तें परत मिळविण्याच्या कामीं तुझ्या गांवच्या घराण्याचा मनुष्य पुढें होता. तूं जिंकलास. हें मीं त्याच दिवशीं सांगावयास हवें होतें. इत्यलम्.